42 कार्डं, तीन तास आणि एक फसवा बाण: ‘क्लायमेट फ्रेस्क’ कार्यशाळेचं परीक्षण

हवामान बदल लोकांना पटवून द्यायचा म्हटलं की बहुतेक मंडळी दोनपैकी एक गोष्ट करतात. आलेखांनी गच्च भरलेल्या स्लाइड्स दाखवतात, नाहीतर बर्फाच्या तुकड्यावर एकट्या पडलेल्या अस्वलाचा फोटो. स्लाइड्स बघताना लोक पेंगतात, अस्वल बघून हळहळतात आणि दोन्ही वेळा जसे आले तसेच परत जातात. ‘क्लायमेट फ्रेस्क’मध्ये वक्ताही नाही आणि पडदाही नाही. टेबलावर मोठा कागद, 42 कार्डं आणि भोवती चार ते आठ माणसं. कशामुळे काय घडतं ते आपापसांत ठरवायचं, कार्डं त्या क्रमानं मांडायची, मध्ये बाण काढायचे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक वैज्ञानिक समितीच्या अहवालांवर बेतलेला हा खेळ सेड्रिक रिंगेनबाख या फ्रेंच अभियंत्यानं रचला आणि 2018 पासून त्याच नावाची ना-नफा संस्था तो चालवते.

निकाल आधीच सांगतो: पहिला दीड तास अव्वल, शेवटचा तास कच्चा. आणि सगळी मदार सत्र घेणाऱ्या सूत्रसंचालकावर.

कार्डं एकदम हातात देत नाहीत, पाच गठ्ठ्यांत देतात. प्रत्येक कार्डावर एका बाजूला चित्र किंवा आलेख, मागे थोडक्यात मजकूर. पहिला गठ्ठा सगळ्यांच्या ओळखीचा: माणसाचे व्यवहार, जीवाश्म इंधनं, कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन, वाढलेला हरितगृह परिणाम, तापमान, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचं वितळणं, समुद्राची वाढती पातळी. पाच मिनिटांत रांग लागते, सगळे खूश होतात. आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावर तोच बाण निघतो: तरंगतं बर्फ वितळलं, म्हणून समुद्र वाढला.

हा बाण चूक आहे. तरंगणारं बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेलं असतं, त्यामुळे ते वितळलं तरी पातळी जवळपास तिथेच राहते. (समुद्राचं पाणी खारट आणि बर्फ गोडं, म्हणून किंचित फरक पडतो, पण तो नगण्य.) पातळी वाढते ती जमिनीवरच्या हिमनद्या आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचे हिमथर वितळल्यानं, आणि तापलेलं पाणी फुगल्यानं. ही कार्डं पुढच्या गठ्ठ्यांत येतात आणि मग लोक स्वतःच आपला बाण खोडतात. या कार्यशाळेची खरी ताकद इथे आहे. दुसऱ्यानं दाखवलेली चूक माणसाला झोंबते. स्वतःच्या हातानं खोडलेली लक्षात राहते.

इथे एक भर घालावी, संचात ती नाही. सत्र सुरू होतानाच दोन ग्लास मांडा. एकात पाण्यावर तरंगणारे बर्फाचे खडे, पण ते तळाला टेकता कामा नयेत, नाहीतर प्रयोग फसतो. दुसऱ्यात पाण्याच्या वर डोकं काढणारा दगड आणि त्यावर तेवढंच बर्फ. दोन्हींवर पातळीची रेघ मारा. खडे लहान असले तर बाणांवरचा वाद रंगेपर्यंत ते वितळलेले असतात आणि तुम्हाला काही बोलावं लागत नाही. मात्र तरंगतं बर्फ म्हणजे बिनमहत्त्वाचं, असा समज घेऊन कोणी जाऊ नये. पांढरं बर्फ गेलं की खालचं गडद पाणी जास्त ऊन शोषतं, म्हणजे त्या कार्डापासून एक बाण उलटा तापमानाकडे जातो. हा बाण बहुतेक टेबलांवर राहून जातो.

ऊर्जेच्या ताळेबंदाचं कार्डही असंच गुणी. साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे 91 टक्के समुद्रात जाते, 5 टक्के जमिनीत, 3 टक्के बर्फ वितळवण्यात, आणि हवेच्या वाट्याला जेमतेम 1 टक्का. ‘यंदा थंडी कडक होती, मग कुठे गेली तुमची तापमानवाढ?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका कार्डात आहे. याउलट रेडिएटिव्ह फोर्सिंगचं (पृथ्वीवर येणाऱ्या-जाणाऱ्या ऊर्जेच्या तोलात पडलेल्या फरकाचं) कार्ड डोकेदुखी. वॅट प्रति चौरस मीटर ऐकताच टेबल गप्प होतं. विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या गटात ते सरळ बाजूला ठेवावं, साखळी तुटत नाही.

आता तक्रारी. शेवटच्या गठ्ठ्यात सशस्त्र संघर्ष, निर्वासित, पर्माफ्रॉस्ट (वर्षानुवर्षं गोठलेली जमीन), समुद्रतळाचे मिथेन हायड्रेट (बर्फासारख्या स्फटिकांत कोंडलेला मिथेन वायू) अशी कार्डं येतात आणि तोवर बाण काढायची सवय लागलेले हात सगळे बाण सारख्याच जाडीचे काढतात. गफलत इथेच होते. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार मिथेन हायड्रेटमुळे या शतकात उत्सर्जनाच्या वाटचालीत जाणवण्याजोगा फरक पडणं अत्यंत असंभाव्य आहे. देशांतर्गत हिंसक संघर्षांमागे मुख्य कारणं हवामानाबाहेरची असतात, हेही तोच अहवाल सांगतो. कोळशापासून कार्बन डायऑक्साइडकडे जाणारा बाण आणि दुष्काळापासून युद्धाकडे जाणारा बाण यांची खात्री एकसारखी नाही. कागदावर मात्र ती एकसारखी दिसते. पक्क्या दुव्यांना ठळक रेघ आणि सैल दुव्यांना तुटक रेघ, असा नियम सूत्रसंचालकानं सुरुवातीलाच घालून द्यावा. नाहीतर टेबलावरचा एखादा चाणाक्ष माणूस तोच सैल दुवा पकडतो आणि बाकीच्या चाळीस कार्डांवरचा विश्वासही घालवून बसतो.

शंकेखोराचं काय करायचं, यावर कार्डं मूक आहेत. ज्वालामुखी, सूर्य, ‘हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच किती’ हे तीन प्रश्न हमखास येतात, तेव्हा उत्तरं खिशात हवीत. ज्वालामुखींचं कार्बन डायऑक्साइड माणसाच्या उत्सर्जनाच्या एका टक्क्याहूनही कमी. सूर्य कारणीभूत असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतंय. प्रमाण 0.04 टक्के हे खरंच, पण औद्योगिक काळाआधी ते हवेच्या दर दहा लाख भागांत 280 होतं, आता 420 च्या वर आहे, म्हणजे दीडपट. उत्तर देताना आधी वस्तुस्थिती सांगावी, मग गैरसमज एकदाच उच्चारावा, त्यातली तर्काची चूक दाखवावी आणि पुन्हा वस्तुस्थितीवर यावं. गैरसमज चारदा घोळवला तर लोक तोच लक्षात ठेवून जातात.

मांडणी झाली की शीर्षक देणं, रंगवणं आणि मग चर्चा. रंगकामाला लोक हसतात, पण ते काढून टाकू नका. मधल्या धक्क्यानंतर माणसांना श्वास घ्यायला तेवढाच वेळ मिळतो. चर्चेत आधी ‘काय वाटलं’ आणि मग ‘काय करायचं’. गाडी इथे अडते. 42 पैकी एकही कार्ड उपायांचं नाही. तीन तासांपैकी कार्डांनीच दोन खाल्ले, की उपायांना उरतात वीस मिनिटं, आणि चर्चा प्लास्टिकच्या पिशव्यांवर घसरते. ज्यांचा या साखळीशी संबंध सगळ्यात कमी. कार्डांचा भाग नव्वद मिनिटांवर घड्याळ लावून थांबवावा, एखादा बाण राहिला तरी चालेल.

ज्ञान वाढलं की मत बदलतं, ही मूळ समजूतही जपून घ्यावी. 2012 मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात वैज्ञानिक साक्षरता जास्त असलेल्यांमध्ये हवामान बदलाबद्दलच्या मतांच्या दोन टोकांतलं अंतर कमी नाही, उलट जास्त दिसलं होतं. त्यामुळे कट्टर विरोधकाला इथे बसवून तो बदलेल ही आशा नको. काठावरच्या, अर्धवट माहितीच्या माणसासाठी मात्र याहून चांगलं साधन मिळणं कठीण.

सामानाची यादी छोटी: सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद कागद, पेन्सिली, खोडरबर, मार्कर, चिकटपट्टी. बाण आधी पेन्सिलनंच, आणि कार्डं अगदी शेवटी चिकटवायची. खुर्च्या भिंतीला लावून ठेवा, कारण बसलेल्या माणसांपैकी दोघंच बोलतात आणि बाकीचे बघत राहतात. ऑनलाइन सत्रही असतं, पण कार्डासाठी हात पुढे करण्याची गंमत त्यात उरत नाही. स्वतः घ्यायचं असेल तर आधी एकदा सहभागी व्हावं, मग संस्थेचं प्रशिक्षण करावं. पैसे आकारून सत्रं घेणार असाल तर परवान्याच्या अटी आधी वाचा.