दवबिंदू की काजवे? टीजी-७ आणि आर५० शेजारी ठेवून

सीतेची आसवं या फुलाचा जीव नखाएवढा. कासच्या पठारावर सप्टेंबरात ते हजारोंनी फुलतं, पण एका फुलाचा नीट फोटो मिळवायचा तर जमिनीला नाक लावावं लागतं, आणि वारा काही थांबत नाही. हा झाला एक फोटो. दुसरा पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याकडे, अंधाऱ्या पक्षात. समोरचं झाड हिरड्याचं की जांभळाचं हेही कळत नाही, दिसतात फक्त काजवे.

"दादा, दोन्ही जमेल असा एकच कॅमेरा सांग," असं मावसभावाने विचारलं तेव्हा मी हसलो होतो. मग एक अख्खा हंगाम दोन कॅमेरे एकाच झोळीत घालून फिरलो. एक ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७, दुसरा कॅननचा ईओएस आर५०. दोन्ही २०२३चे. त्यापलीकडे दोघांत साम्य फारसं नाही.

सगळं येऊन थांबतं ते सेन्सरच्या, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकारावर. टीजी-७चा सेन्सर सव्वासहा मिलिमीटरही रुंद नाही, तुरीच्या डाळीच्या दाण्यासारखा. आर५०चा २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास बारा पट. मेगापिक्सेल १२ आणि २४, पण त्या आकड्यावरून भांडू नका. लहान सेन्सर जवळच्या फोटोत तुमचा मित्र असतो आणि अंधारात वैरी. मोठ्याचं नेमकं उलटं.

आधी जवळून. टीजी-७च्या चकतीवर सूक्ष्मदर्शकाचं एक चिन्ह आहे. तिथे फिरवलं की लेन्सच्या टोकापासून १ सेंटिमीटरवरची वस्तूही फोकस होते. झूम पूर्ण ताणून तांदळाचा दाणा समोर धरा, फ्रेम भरून जाते. वेगळी लेन्स नाही, नळकांडी नाही, काही नाही. दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब मी या यंत्राने पहिल्या दहा मिनिटांत टिपले. दुसऱ्या कॅमेऱ्यावर तेवढ्यासाठी मला दोन फेऱ्या लागल्या. लहान सेन्सरमुळे फोकसची खोलीही जास्त मिळते: मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर मिशाही बऱ्यापैकी येतात. तरी पुरलं नाही तर कॅमेरा वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम घेऊन आतल्या आतच जोडून देतो. फक्त मुंगीने तेवढा वेळ थांबायला हवं, आणि मुंगी थांबत नाही.

एक सेंटिमीटरवर गेल्यावर अडचण येते ती सावलीची. कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते. त्यासाठी एलजी-१ नावाची एक कडी मिळते. ती अंगच्याच एलईडीचा उजेड लेन्सभोवती गोल फिरवते. टीजी घेणार असाल तर ही कडी त्याच दिवशी घ्या, नंतर बघू म्हणू नका.

आता आर५०. इथे बहुतेक जण फसतात ते किट लेन्सपाशी. सोबत येणाऱ्या १८-४५ मिमी लेन्सने जास्वंद छान येईल, सीतेची आसवं नाही. आरएफ ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो (जवळच्या फोटोंची लेन्स) लावली तर निम्म्या आकाराची प्रतिमा सेन्सरवर पडते, म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटर रुंदीची वस्तू फ्रेम भरते. फुलपाखराला पुरे, मुंगीला नाही. नावात मॅक्रो आहे म्हणून हुरळून जाऊ नका.

माझा जुगाड वेगळा आहे. दोन लेन्सच्या किटमध्ये ५५-२१० मिमी येते. तिच्या तोंडावर रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे चिमट्याचं भिंग बसवायचं. २१०वर ताणलं की प्रतिमा प्रत्यक्षापेक्षा दीडपटीहून मोठी होते आणि साधारण १३ मिलिमीटर रुंदीची वस्तू फ्रेममध्ये मावते. तेही किड्यापासून सुमारे १२ सेंटिमीटर लांब राहून. हे अंतर फार मोलाचं. कोळी, नाकतोडा, आंबोलीतले चिमुकले बेडूक एक सेंटिमीटरवर आलेलं काचेचं तोंड सहन करत नाहीत, निघून जातात. फुलं मात्र कुठे जात नाहीत.

पण २१०ला लेन्स एफ/७.१ची, म्हणजे अंधारी; एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही. अंगचा फ्लॅश वर उचलला की लेन्सची सावली पडते, म्हणून पॅकिंगमधल्या पातळ फोमचा तुकडा रबराने अडकवून उजेड पुढे आणावा लागतो. दिसतं हास्यास्पद, काम चोख करतं. खोली इतकी कमी की डोळा फोकसमध्ये आणि मिशा धुक्यात. पहिल्या महिन्यात मी शंभरातले नव्वद फोटो पुसत होतो. तरीही जमलेला एक फोटो असा येतो की टीजीचा फोटो शेजारी ठेवला की टीजीचा जरा रंगवल्यासारखा वाटतो. फोनच्या पडद्यावर हा फरक दिसत नाही, भिंतीवर लावायच्या प्रिंटमध्ये दिसतो.

अंधाराचं गणित आता करून टाकू, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. सेन्सर बारा पट मोठा, हे खरं. पण टीजी-७ची लेन्स रुंद टोकाला एफ/२ आहे आणि आर५०ची किट लेन्स एफ/४.५. या दोन आकड्यांत प्रकाशाचा पाच पटींचा फरक आहे. म्हणजे किट लेन्सवर बारा पटींचा फायदा घसरून सव्वादोन-अडीच पटींवर येतो! त्याच बॉडीवर एफ/१.८ची ३५ मिमी चढवा, तो चौदा-पंधरा पटींवर जातो. त्यामुळे "आर५० अंधारात चांगला" हे वाक्य अर्धवट आहे. चांगली ती लेन्स आहे, कॅमेरा तिला साथ देतो. शिवाय या लेन्सला हाताची थरथर सावरणारं स्वतःचं स्थिरीकरण आहे, बॉडीत ते नाही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर पणत्यांच्या उजेडात चेहरे टिपायचे असतील तर ट्रायपॉडला जागा नसते. तिथे ३५ मिमी लावून आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता, ३२००वर ठेवून मी निर्धास्त असतो. टीजीवर आयएसओ ८००च्या पुढे मला चेहऱ्याची कातडी मेणाची दिसायला लागते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल घेतली तर थोडं सावरता येतं, थोडंच.

काजव्यांची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. टीजी-७मध्ये शटरचा वेळ हाताने लावायची सोयच नाही, पण लाइव्ह कॉम्पोझिट आहे. ट्रायपॉडवर लावून सुरू केलं की पहिल्या फ्रेमनंतर फक्त नव्याने उजळलेले ठिपके त्यात मिसळत जातात, आणि झाड पडद्यावर हळूहळू भरताना दिसतं. मावसभाऊ हे बघून आर५० विसरला होता. आर५०वर मी एफ/१.८, आयएसओ १६००, २० सेकंदांच्या चाळीस-पन्नास फ्रेम घेतो आणि घरी संगणकावर जोडतो. कष्ट जास्त, पण झाडामागचं आकाश आणि डोंगराची रेघ स्वच्छ राहते. टीजीत ती कणीदार होते. कॅमेरा कुठलाही असो, तिथे फ्लॅश आणि टॉर्च नको. काजवे उजेडानेच एकमेकांना शोधतात.

पाऊस. टीजी-७ १५ मीटर पाण्याखाली चालतो, मी तो चिखल लागला की नळाखाली धुतो. आर५०ला पाण्यापासून संरक्षण नाही. आंबोलीत तो छत्री, प्लॅस्टिकची पिशवी आणि देव यांच्या भरवशावर असतो. उलट टीजीचा पडदा घट्ट बसवलेला आहे, त्यामुळे खालच्या फुलासाठी पालथं पडावं लागतं. आर५०चा पडदा वळतो, उकिडवं बसून भागतं. चाळिशीनंतर याला किंमत येते.

मावसभावाला मी टीजी-७ घ्यायला सांगितलं, कारण तो दहातले आठ दिवस पावसात आणि फुलांत असतो. तुमच्या दहातल्या तीन संध्याकाळी जरी देवळात, घाटावर, घरच्या कार्यात जाणार असतील तर आर५० घ्या, पण ३५ मिमीचे पैसे धरूनच. खर्च टीजीपेक्षा बराच वर जाईल. तेवढं बजेट आत्ता नसेल तर निव्वळ किटवर आर५० घेऊन मॅक्रोची आस धरू नका.

दुकानात जाताना खिशात तांदळाचे चार दाणे न्या, आणि काउंटरवरचा दिवा दोन मिनिटं बंद करायला सांगा.