‘२४०० वॉट’चा ॲम्प्लिफायर आणि तीस अँपिअरचे फ्यूज

मागच्या दिवाळीच्या आधी मी नाशिकमधील एका दुकानातून माझ्या गाडीत समोर कंपोनंट स्पीकर (ट्वीटर वेगळा असलेले), मागे कोॲक्सियल स्पीकर (ट्वीटर त्याच चौकटीत असलेले), डिकीत बारा इंची सबवूफर आणि या सगळ्यांसाठी एक चार चॅनेलचा, म्हणजे स्पीकरसाठी चार स्वतंत्र वाटा असलेला ॲम्प्लिफायर बसवून घेतला. फिटिंगसह ३८,५०० रुपये दिले. चार महिन्यांत समोरचे दोन्ही ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचे छोटे स्पीकर, जळाले, ॲम्प्लिफायरचा एक चॅनेल बंद पडला आणि त्याहून गंभीर एक गोष्ट उघडकीला आली, जिच्यासाठी मुख्यतः हे लिहीत आहे.

विक्रेत्याचा सगळा युक्तिवाद खोक्यांवरच्या आकड्यांवर उभा होता. सबवूफरवर १४०० वॉट छापले होते, ॲम्प्लिफायरवर २४०० वॉट. ‘हजार वॉट शिल्लक राहतात, साहेब, कधीच लोड येणार नाही,’ असे त्याने सांगितले आणि मला ते पटले. हे आकडे क्षणिक कमाल शक्तीचे असतात आणि अनेकदा तेवढेही खरे नसतात. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांची जोडी जमवताना पाहायचा असतो तो आरएमएस, म्हणजे सतत देता किंवा सोसता येणाऱ्या शक्तीचा आकडा, आणि तोही स्पीकरच्या किती ओहम रोधाला आहे हे धरूनच. खोक्यातील माहितीपत्रकात तो बारीक अक्षरांत होता: सबवूफर ३०० वॉट आरएमएस, समोरचे स्पीकर ६० वॉट आरएमएस. ॲम्प्लिफायरच्या कागदावर मात्र आरएमएसचा उल्लेखच नव्हता, आणि तिथेच मी थांबायला हवे होते.

कागद नसला तरी ॲम्प्लिफायरची खरी ताकद दुकानातच ताडता येते, कारण त्याच्या अंगावर फ्यूज असतात. माझ्या ॲम्प्लिफायरवर पंधरा अँपिअरचे दोन, म्हणजे एकूण ३० अँपिअर होते. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब साधारण १३.८ व्होल्ट धरला, तर ॲम्प्लिफायर बॅटरीकडून सतत जास्तीत जास्त ४१४ वॉट ओढू शकतो. एबी वर्गाच्या, म्हणजे जास्त तापणाऱ्या रचनेच्या ॲम्प्लिफायरमध्ये त्यातील चाळीस टक्के किंवा अधिक शक्ती उष्णतेत जाते, म्हणून चारही चॅनेल मिळून हाती येतात फार तर अडीचशे वॉट. कमी शक्ती वाया घालवणाऱ्या डी वर्गाचा असता तर तीनशेच्या थोडे वर गेले असते. हा साधा गुणाकार खोक्यावरचे २४०० खोटे पाडायला पुरेसा आहे.

दुसरी चूक ओहमची होती आणि ती फिटिंग करणाऱ्याने डोळ्यांदेखत केली. सबवूफरला ४ ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची वेटोळी, होत्या. त्या समांतर जोडल्या की २ ओहम होतात, एकापुढे एक जोडल्या की ८. त्याने त्या समांतर जोडल्या आणि ॲम्प्लिफायरचे मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, त्यावर लावल्या. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच रोध दिसतो, म्हणजे इथे १ ओहम. या ॲम्प्लिफायरवरच ब्रिजसाठी किमान ४ ओहम असे छापलेले होते. त्यामुळे अर्ध्या तासात तो हात लावता येणार नाही इतका तापायचा आणि बंद पडायचा. मागच्या स्पीकरना चॅनेलच उरले नव्हते, म्हणून ते समोरच्यांच्या जोडीला टाकले होते, हे मला पुढे कळले.

आवाज कमी पडतो अशी तक्रार केल्यावर दुकानदाराने गेन शेवटपर्यंत फिरवला. गेन हे आवाजाचे बटण नाही. स्टीरिओकडून येणारा सिग्नल ॲम्प्लिफायरशी जुळवण्यासाठी तो असतो. कुवतीपलीकडे ढकलल्यावर ध्वनिलहरींची टोके छाटली जातात, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. त्यात वरच्या कंपनांची भर पडते, सरासरी शक्ती वाढते आणि नाजूक ट्वीटर आधी जातात. माझे तसेच गेले. त्यावर दुकानदाराचे उत्तर असे होते की स्पीकरना पॉवर झेपली नाही, आता यापेक्षा मोठे स्पीकर घ्या, आणि जळालेल्या कॉइलला वॉरंटी नसते.

मी मोठे स्पीकर घेतले नाहीत. गाडी एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने बॅटरीकडून ॲम्प्लिफायरकडे येणाऱ्या वायरवरचे आवरण सोलले. वर ‘४ गेज’ छापलेल्या त्या जाड रबराच्या आत जेमतेम आठ गेजच्या तारा निघाल्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक), आणि पात्याने खरवडताच तांब्याखाली पांढरे ॲल्युमिनियम दिसले. मला बिलात शुद्ध तांबे सांगून पैसे घेतले होते. त्याहून भयंकर म्हणजे मुख्य फ्यूज बॅटरीजवळ नव्हताच. तो सीटखाली, ॲम्प्लिफायरशेजारी आणि १०० अँपिअरचा होता, तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या वायरला फ्यूजचे संरक्षण नव्हते आणि इंजिनमागच्या पत्र्याच्या कडेवर भोकात बसवायच्या रबरी कड्याशिवाय (ग्रोमेट) ती घासत होती. आवरण अर्ध्यापर्यंत कापले गेले होते. तिथे तार पत्र्याला टेकली असती, तर बॅटरीतून वाहणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह तोडायला मध्ये काहीही नव्हते. त्या गाडीत माझी मुले मागच्या सीटवर बसत होती.

आता सबवूफरसाठी २ ओहमला ३०० वॉट आरएमएस देणारा वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, ॲम्प्लिफायर आहे. गेन मल्टिमीटरने लावला: शक्ती गुणिले रोध, त्याचे वर्गमूळ, म्हणजे ६०० चे वर्गमूळ, साधारण २४.५ व्होल्ट. सबवूफर सोडवून ५० हर्ट्झचा स्वर लावायचा आणि ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणारा दाब तेवढा झाला की गेन थांबवायचा. ३०० वॉट हा खोक्यावर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी लहान आकडा आहे, तरी आवाज पहिल्यापेक्षा भरीव येतो.

पैशांचे म्हणाल तर मला पक्के जीएसटी बिल मिळाले नव्हते, मी ‘बिल’ समजत होतो ती कच्ची पावती होती. तरी यूपीआयची नोंद, मोबाइलवरचे संदेश आणि सोललेल्या वायरचे फोटो जपले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर दुकानदाराने ॲम्प्लिफायर आणि वायरिंगचे १४,००० रुपये परत केले. ट्वीटरचे पैसे त्याने दिले नाहीत.

ज्यांनी बाहेरून ॲम्प्लिफायर बसवला आहे त्यांनी आज बॉनेट उघडून बॅटरीच्या धन टोकापासून ॲम्प्लिफायरकडे जाणारी जाड वायर हाताने चाचपत जावे. सुमारे दीड फुटाच्या आत फ्यूज सापडला नाही, तर त्या वायरचे बॅटरीवरचे टोक सोडवून ठेवावे आणि फ्यूज बसेपर्यंत ॲम्प्लिफायर चालवू नये.