डाल्टन की डेम्पस्टर? बाइकवरून आर्क्टिककडे जाणारे दोन रस्ते

अलास्कातला डाल्टन हायवे आणि कॅनडातला डेम्पस्टर हायवे. दोन्ही रस्ते आर्क्टिक वृत्त ओलांडतात, दोन्हींचा बराचसा भाग खडीचा आहे आणि दोन्हींवर शेकडो किलोमीटर वस्ती लागत नाही. यातला एकच निवडायचा झाला तर बहुतेक जण बाइकपासून विचार सुरू करतात: टाकी किती लिटरची, टायर कोणते, वजन किती. माझ्या मते आधी रजेकडे बघावं. ठरलेल्या दिवसांवर दोन-तीन दिवस मोकळे ठेवता येत असतील तर डेम्पस्टर. येत नसतील तर डाल्टन. बाकीचे सगळे मुद्दे यानंतरचे.

डेम्पस्टर तुम्हाला थांबवून ठेवू शकतो. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीपासून साधारण 40 किलोमीटरवर हा रस्ता सुरू होतो आणि 736 किलोमीटरनंतर इनुविकला पोचतो. वाटेत पील आणि मॅकेंझी या दोन नद्या आहेत आणि दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरचा रस्ता. फेरी साधारण जूनच्या सुरुवातीपासून चालतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. पण नदीचं पाणी फार चढलं किंवा फार उतरलं की फेरी बंद होते. मग कितीही चांगली बाइक असली तरी काठावर बसून राहण्यावाचून इलाज नसतो. मुसळधार पावसात रस्ता खचला किंवा वाहून गेला तरी तेच. विमानाचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं असेल तर अशा वेळी माणूस नको ते धाडस करून बसतो.

डाल्टनवर ही फेरीची भानगड नाही. युकॉन नदीवर पक्का पूल आहे. 666 किलोमीटरचा हा रस्ता 1974 मध्ये अवघ्या पाच महिन्यांत बांधला गेला, तो तेलाच्या पाइपलाइनचं आणि उत्तरेकडच्या तेलक्षेत्राचं सामान वाहण्यासाठी. डेडहॉर्सपर्यंत, म्हणजे उत्तरेकडच्या टोकापर्यंत, तो सर्वांना खुला झाला 1994 मध्ये. आजही तो मुळात ट्रकचाच रस्ता आहे. तेलक्षेत्राला रसद पोचलीच पाहिजे, म्हणून त्याची देखभाल सतत चालते आणि काही पट्टे डांबरीही आहेत. पण त्याची किंमत तुम्ही ट्रकच्या रूपाने मोजता. समोरून लांबलचक ट्रेलर येताना दिसला की वेग कमी करा, उजवीकडे सरका आणि हेल्मेटची काच खाली घ्या. पुढचे काही क्षण धुळीत काहीच दिसत नाही आणि चाकांखालून उडालेले दगड हेडलाइटवर, हातांवर, छातीवर बसतात. रस्त्यावर पहिला हक्क ट्रकचा, हे मनातून मान्य नसेल तर इथे जाऊ नये.

आता चिखल. दोन्ही रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड मारतात. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे कोरड्या दिवशी रस्ता छान घट्ट लागतो. पाऊस पडला की तोच पृष्ठभाग निसरडा होतो आणि करडा लगदा बाइकला खालून वरपर्यंत लिंपला जातो. तो वाळला की सिमेंटसारखा बसतो. रेडिएटरच्या जाळीत तो भरला की हवा जायला वाव राहत नाही आणि थंडीतही इंजिन तापायला लागतं. मुक्कामाला पोचल्यावर जेवायच्या आधी पाणी शोधायचं आणि रेडिएटर हलक्या धारेने धुवायचा. जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीचे पातळ पत्रे वाकतात. चेनही त्याच वेळी धुऊन तेल द्यायची, कारण हे रसायन धातूला गंजवतं.

चिखलाच्या बाबतीत डेम्पस्टर जास्त कठीण आहे. वाटेतल्या ईगल प्लेन्स या थांब्याच्या आसपास चिकणमाती आहे आणि पावसात तिथे पुढचं चाक हाताच्या आज्ञेत राहत नाही. पुढे रिचर्डसन पर्वतरांगेजवळ आडवा वारा इतका जबरदस्त असतो की भरलेली बाइकही बाजूला ढकलली जाते. शिवाय काही पट्ट्यांवर शेलचे, म्हणजे थराथरांनी फुटणाऱ्या खडकाचे, धारदार दगड आहेत, ते टायर कापतात. दोन्ही रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, फिरून गेला की सुट्या खडीचा लांब वरंबा राहतो. तो ओलांडायचाच झाला तर उभं राहून, थ्रॉटल न सोडता, सरळ ओलांडा. मध्येच ब्रेक दाबला तर बाइक गेलीच म्हणून समजा.

टायरबद्दल माझं मत ठाम आहे: अर्धे डांबराचे, अर्धे मातीचे असे खोल खाचांचे नवे टायर, पंक्चरचं पूर्ण सामान आणि ते वापरायचा घरी केलेला सराव. मोठी बाइक की छोटी, यावर लोक तावातावाने भांडतात. चिखलात पडल्यावर जी तुम्ही एकट्याने उचलू शकता ती बाइक योग्य, एवढंच मी म्हणेन.

पेट्रोलचं गणित दोन्हीकडे जवळपास सारखं येतं. डाल्टनवर कोल्डफूट या वाटेतल्या थांब्यापासून डेडहॉर्सपर्यंत 386 किलोमीटर मध्ये काहीच मिळत नाही. डेम्पस्टरवर डॉसनला टाकी भरली की ईगल प्लेन्स साधारण 409 किलोमीटरवर. समोरून वारा असेल तर बाइक नेहमीपेक्षा बरंच जास्त पेट्रोल पिते, म्हणून 500 किलोमीटरची तजवीज हवी. ईगल प्लेन्सनंतर मात्र डेम्पस्टर सोपा होतो, कारण फोर्ट मॅकफर्सन आणि इनुविक इथे पेट्रोल मिळतं.

शेवट कुठे होतो, याला मी बरंच वजन देतो. डाल्टन डेडहॉर्सला संपतो. ते गाव नाही, तेलक्षेत्राची छावणी आहे. समुद्र तिथून काही किलोमीटरवर असला तरी स्वतःच्या बाइकने तिथे जाता येत नाही. आधी नाव नोंदवून, ओळखपत्र तपासून, ठरलेल्या गाडीतूनच जावं लागतं. इनुविकपासून मात्र 138 किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर 2017 मध्ये खुला झाला आणि तो टुक्टोयाक्टुकला थेट आर्क्टिक महासागराच्या काठाशी नेतो. इथे बाइक पाण्याजवळ उभी करता येते. शेजारी पिंगो दिसतात, म्हणजे आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या. त्यातला इब्युक सुमारे 49 मीटर उंच आहे. शिवाय वाटेत ग्विचिन आणि इनुव्हियालुइट या मूळनिवासी लोकांची खरी नांदती गावं आहेत. इनुविकला इस्पितळही आहे. डाल्टनवर काही बरंवाईट झालं तर विमानाने अलास्कातलं फेअरबँक्स शहर गाठायची वेळ येते. मोबाइल दोन्हीकडे बहुतांश मुका असतो, त्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ हवंच.

निसर्गात डाल्टनची एक गोष्ट डेम्पस्टरला साधत नाही, ती म्हणजे ॲटिगन खिंड. 1,444 मीटर उंचीवरून ब्रुक्स पर्वतरांग ओलांडली की झाडं मागे राहतात आणि समोर नुसता सपाट टुंड्रा पसरतो. नशीब असेल तर मस्कऑक्स या लांब केसांच्या रानबैलासारख्या प्राण्यांचा कळप दिसतो. या खिंडीत जुलैतही बर्फ पडू शकतो. डेम्पस्टर उलट सुरुवातीलाच टूम्बस्टोन पर्वतांचे काळे सुळके दाखवतो, आणि ऑगस्टच्या अखेरीस तिथली जमीन लाल-केशरी होते. जुलैत डास असह्य असतात, ऑगस्टच्या उत्तरार्धात रात्री गारठतात. मी ऑगस्टचा उत्तरार्ध निवडेन.

भाड्याची बाइक असेल तर हे रस्ते करारात चालतात का, ते आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा. बऱ्याच करारांत खडीचे रस्ते वर्ज्य असतात आणि मग विम्याचा उपयोग होत नाही.

दोन्ही करायची उमेद असेल तर डेम्पस्टर आधी घ्या. परतताना डॉसनला फेरीने युकॉन नदी ओलांडून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेने अलास्कात शिरता येतं. ही सीमाचौकी फक्त उन्हाळ्यात आणि दिवसाच उघडी असते, आणि उन्हाळ्यात अलास्काचं घड्याळ युकॉन प्रदेशाच्या एक तास मागे असतं, हे धरून निघा. पीलच्या काठावर दोन दिवस अडकून पडलात, तर डाल्टनवर कोल्डफूटपर्यंतच जाऊन परत फिरायची मुभा राहते. उलट क्रमाने गेलात तर दिवस आधीच संपलेले असतात आणि नदी तुमच्यासाठी उतरत नाही.