एनएफएलची सामन्यातील उपकरणसेवा: बिघाड दुरुस्त होतो, संशय तसाच राहतो

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये सामन्याच्या दिवशी प्रशिक्षकांना लागणारी संदेशवहनाची साधने संघ स्वतःची आणत नाहीत. ती दोन्ही संघांना लीग पुरवते. प्रशिक्षकांचे हेडसेट, खेळाडूच्या हेल्मेटमधील रेडिओ आणि साइडलाइनवरचे टॅबलेट ही त्यातील मुख्य साधने. चेंडूतील हवेचा दाब तपासण्याची व्यवस्थाही मी या परीक्षणात त्यांच्याबरोबरच धरली आहे, कारण तीही लीगच्याच हाती आहे आणि २०१५ मध्ये सर्वांत मोठा वाद तिच्यावरूनच झाला. या सेवेचा ग्राहक मैदानावरचा प्रशिक्षक असला, तरी तिच्या दर्जावर सामन्याची विश्वासार्हता अवलंबून असते. म्हणून प्रेक्षकानेही तिची पारख करायला हरकत नसावी.

आधी चांगले ते सांगतो. हेल्मेटमधील रेडिओची कल्पना जुनी आहे. १९५६ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी आपल्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची चाल चालवणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला आणि त्याच मोसमात लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी त्यावर बंदी घातली. लीगने ही सोय अधिकृतपणे सुरू केली ती १९९४ मध्ये, तीही फक्त आक्रमक संघासाठी. बचावफळीतील एका खेळाडूला ती मिळायला २००८ उजाडले. रेडिओ असलेल्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो आणि चाल सुरू करण्यासाठीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की प्रशिक्षकाचा आवाज आपोआप तुटतो. ही १५ सेकंदांची मर्यादा मला या सेवेतील सर्वांत शहाणपणाची तरतूद वाटते. चालीची निवड प्रशिक्षकाने करावी, पण समोरची फळी प्रत्यक्षात कशी उभी राहिली आहे हे पाहून शेवटचा निर्णय खेळाडूनेच घ्यावा, ही सीमारेषा तिने नेमकी आखली आहे.

अडचण सुरू होते ती यंत्रणा बंद पडल्यावर. १० सप्टेंबर २०१५ रोजी फॉक्सबरो येथील जिलेट स्टेडियमवर न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स यांच्या लढतीने मोसमाची सुरुवात झाली. पहिल्या क्वार्टरमध्ये स्टीलर्सच्या प्रशिक्षकांना हेडसेटमध्ये एकमेकांच्या आवाजाऐवजी पेट्रियट्सच्या रेडिओ वाहिनीवरील समालोचन ऐकू येऊ लागले. हा सामना पेट्रियट्सने २८-२१ असा जिंकला. सामन्यानंतर स्टीलर्सचे प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी येथे नेहमी असेच होते, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि स्टीलर्सच्या अधिकृत संकेतस्थळावर तर त्याहून गंभीर गोष्ट लिहिली गेली: लीगचा प्रतिनिधी पेट्रियट्सचे हेडसेट बंद करायला त्यांच्या बाजूकडे निघाला की स्टीलर्सचे हेडसेट सुरळीत होत आणि तो माघारी वळला की पुन्हा समालोचन सुरू होई. लीगने खुलासा केला की स्टेडियममधील वीजपुरवठ्याच्या अडचणीमुळे अडथळा आला, पावसाळी हवेने तो वाढला आणि दोन्ही संघांची उपकरणे लीगच पुरवते.

हा खुलासा मला तांत्रिकदृष्ट्या अजिबात अविश्वसनीय वाटत नाही. हजारो मोबाइल, दूरचित्रवाणीचे कॅमेरे, समालोचकांचे मायक्रोफोन आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांचे वॉकीटॉकी एकाच वास्तूत चालू असताना नको तो आवाज नको त्या तारेत शिरणे ही ध्वनितंत्रज्ञांना परिचित असलेली घटना आहे. शिवाय, ज्याला प्रतिस्पर्ध्याची यंत्रणा गुपचूप निकामी करायची आहे, तो तिच्यात आपल्याच वाहिनीचे समालोचन कशाला सोडेल? एवढी ओळखू येणारी खूण कोणी मुद्दाम ठेवत नाही. तरीही सेवा म्हणून लीगला येथे चांगले गुण देता येत नाहीत, कारण खुलासा आला पण त्यामागची मोजमापे आली नाहीत. बिघाड किती वाजता सुरू झाला, कोणत्या वाहिनीवर झाला आणि दुरुस्तीसाठी नेमके काय केले गेले, हे तीन तपशील प्रसिद्ध झाले असते तर प्रतिनिधी चालत गेल्याची ती गोष्ट खरी की योगायोगाची, हे कोणालाही पडताळून पाहता आले असते.

बिघाडाच्या वेळी अन्याय होऊ नये म्हणून लीगचा समानतेचा नियम आहे: एका संघाच्या प्रशिक्षकांमधील हेडसेट बंद पडले, तर ते सुरू होईपर्यंत दुसऱ्या संघानेही आपले काढून ठेवायचे. कागदावर नियम उत्तम आहे. परंतु बिघाड जाहीर होणे, प्रतिनिधीने तो मान्य करणे आणि समोरच्या बाजूला जाऊन सांगणे यात मौल्यवान वेळ जातो. त्या दरम्यान एक बाजू बोलत असते आणि दुसरी हातवारे करत असते.

टॅबलेटची कथा त्या मानाने लहान आहे. मायक्रोसॉफ्टशी २०१३ मध्ये झालेल्या करारानुसार २०१४ पासून सरफेस टॅबलेट साइडलाइनवर आले. त्यांवर आधीच्या चालींची स्थिर छायाचित्रे दिसतात. जानेवारी २०१६ मध्ये डेन्व्हर येथील एएफसी या लीगमधील एका गटाच्या अजिंक्यपदाच्या लढतीत पेट्रियट्सचे टॅबलेट काही काळ बंद पडले. दोष टॅबलेटचा नसून नेटवर्कचा होता, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले. या वेळी अडचणीत आलेला संघ पेट्रियट्स होता आणि २०-१८ असा पराभवही त्यांचाच झाला, त्यामुळे कटाची चर्चा फारशी रंगली नाही, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी आपण टॅबलेट वापरणे सोडून दिल्याचे जाहीर केले आणि छापील छायाचित्रांकडे परतले. त्यांची तक्रार खरे तर संपूर्ण सेवेबद्दल होती: उपकरणे सामन्याच्याच दिवशी, खेळ सुरू होण्याच्या काही तास आधी हाती येतात, तपासणीत काही चालत नाही, ते दुरुस्त होते आणि मग खेळ चालू असताना दुसरेच काही बंद पडते. संघांनी उपकरणांत फेरफार करू नयेत म्हणून ती शेवटच्या क्षणी द्यायची, हे लीगचे धोरण समजण्यासारखे आहे. पण फसवणूक टाळण्यासाठी केलेल्या या उपायामुळेच कसून चाचणी होत नाही, चाचणी न झाल्याने बिघाड होतात आणि बिघाड झाले की पुन्हा फसवणुकीचाच संशय येतो.

संशयाचा रोख पेट्रियट्सकडे वारंवार वळतो, त्याला इतिहास आहे. सप्टेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाच्या प्रशिक्षकांच्या खुणांचे नियमबाह्य चित्रण केल्याबद्दल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला, शिवाय नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतील हक्क गेला. मात्र जप्त केलेल्या चित्रफिती लीगने नष्ट केल्या. दोषी संघाला शिक्षा झाली हे योग्यच. पुरावा नष्ट करण्याचे समर्थन मला आजतागायत पटलेले नाही. गैरप्रकार एकाच संघापुरते मर्यादित नाहीत. अटलांटा फाल्कन्सने आपल्या मैदानावर प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित गोंगाट वाजवल्याबद्दल २०१५ मध्ये त्यांना साडेतीन लाख डॉलर दंड झाला, आणि त्याच वर्षी क्लीव्हलँड ब्राउन्सच्या महाव्यवस्थापकांना सामन्यादरम्यान साइडलाइनवर मोबाइल संदेश पाठवल्याबद्दल चार सामन्यांचे निलंबन भोगावे लागले. या दोन्ही प्रकरणांत कृत्य सिद्ध होते आणि उपकरण बिचारे निर्दोष होते.

सर्वांत कमी गुण मी चेंडूच्या तपासणीला देतो. नियमानुसार चेंडूतील दाब १२.५ ते १३.५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असला पाहिजे. १८ जानेवारी २०१५ च्या पेट्रियट्स विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स लढतीत पेट्रियट्सने आपल्या वापरातील चेंडूंतली हवा मुद्दाम कमी केल्याचा संशय आला, म्हणून मध्यंतराला त्यांचे अकरा चेंडू मोजले गेले आणि ते सगळे मर्यादेपेक्षा कमी भरले. वेळ संपत आल्याने कोल्ट्सचे मात्र चारच मोजता आले. मोजणीसाठी दोन दाबमापक होते, एक लोगो असलेला आणि एक नसलेला, आणि त्यांच्या आकड्यांत साधारण ०.३ ते ०.४५ पीएसआयचा फरक पडत होता. बंद खोलीत भरलेला चेंडू थंड मैदानावर नेला की आतील हवेचा दाब उतरतो, हे शालेय भौतिकशास्त्र आहे. लीगने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात केवळ तापमानामुळे पेट्रियट्सचे चेंडू ११.३२ ते ११.५२ पर्यंत उतरणे अपेक्षित धरले होते. लोगो असलेल्या मापकावर त्यांची सरासरी ११.४९ आली, दुसऱ्यावर ११.११.

म्हणजे पहिला आकडा नैसर्गिक मर्यादेत बसतो आणि दुसरा बसत नाही. त्यामुळे सामन्यापूर्वी पंचांनी कोणता मापक वापरला होता, या एका प्रश्नावर बरेच काही अवलंबून होते, आणि त्याची लेखी नोंदच नव्हती. पंच वॉल्ट अँडरसन यांच्या आठवणीप्रमाणे त्यांनी लोगो असलेला मापक वापरला होता. अहवालाने मात्र संघांनी सांगितलेल्या मूळ दाबाशी आकडे जुळतात या आधारावर दुसरा गृहीत धरला. अहवालात पेट्रियट्सच्या कर्मचाऱ्यांच्या मोबाइल संदेशांसारखा इतर पुरावाही आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरी हवा मुद्दाम काढल्याबद्दल अहवालाचा निष्कर्ष ‘घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढाच होता. त्यावर पेट्रियट्सचे क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी यांना चार सामन्यांचे निलंबन, संघाला दहा लाख डॉलर दंड आणि दोन निवडहक्कांवर पाणी अशी शिक्षा झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने ब्रॅडी यांचे निलंबन रद्द केले, एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ते पुन्हा लागू केले. पण अपीलचा वाद आयुक्तांच्या अधिकाराचा होता, दाबाचा नव्हता.

२०१५ च्या मोसमापासून सामन्यापूर्वी प्रत्येक चेंडूचा दाब मोजून लिहून ठेवण्याची आणि काही सामन्यांत मध्यंतराला अचानक तपासणी करण्याची पद्धत आली. सुधारणा खरी आहे, आणि अशा तपासण्यांतून थंड दिवशी, कोणीही हात न लावता, चेंडूचा दाब किती उतरतो याची उत्तम माहिती हाती येऊ शकते. लीगने हे आकडे जनतेसमोर ठेवलेले नाहीत. म्हणून हेडसेटला पाचपैकी तीन, टॅबलेटला साडेतीन आणि चेंडूच्या तपासणीला एक. मोसमाचे आकडे तापमानासह छापले, तर यातला शेवटचा गुण मी त्याच दिवशी बदलेन.