विषय एक, पुस्तकं पाच: सोलापुरातल्या एका वाचनालयाचं वर्षभराचं सभासदत्व

हा अभिप्राय सोलापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाबद्दल आहे. नाव देत नाही. यात काही तक्रारी आहेत आणि त्या आपल्याकडच्या बऱ्याच वाचनालयांना लागू पडतील. वर्षभर विषय ठरवून मैत्रिणींबरोबर वाचायचं असेल, तर असं वाचनालय कितपत उपयोगी पडतं, हे बारा महिने वापरून सांगतेय.

आम्ही पाच जणी. मी होटगी रोडच्या एका गारमेंटमध्ये कटिंग बघते. शाळांचे युनिफॉर्म शिवतात तिथे. शिलाईला असणारी माझी मैत्रीण, आमच्या वन्सं, शेजारच्या अक्का (निवृत्त शिक्षिका, घरात कन्नड बोलतात), आणि वरच्या मजल्यावरची एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी, जी आम्हा सगळ्यांना काकू म्हणते.

२०२४ मध्ये आम्ही मोबाइलवर आलेली एक तयार यादी घेतली होती. पन्नास चौकटी, प्रत्येक चौकटीत एक अट. निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक. बर्फ पडतो अशा गावातली गोष्ट. एकाच शब्दाचं शीर्षक. ती यादी घेऊन मी वाचनालयात गेले आणि पहिल्याच चौकटीला अडले. वाचनालयात आलेल्या पुस्तकाला बायंडिंग होतं. मूळ मुखपृष्ठ जातं, वर तपकिरी पुठ्ठा, पाठीवर पांढरी चिठ्ठी आणि दाखल क्रमांक. सगळी कपाटं एका रंगाची. निळं पुस्तक आणायचं कुठून? पुस्तकं विकत घेऊन यादी पुरी करणं आमच्या पगारात बसत नव्हतं. मार्चपर्यंत आम्ही सोडून दिलं.

डिसेंबरात अक्कांच्या स्वयंपाकघरात पुन्हा बसलो, तेव्हा मी माझ्या कामातलं सांगितलं. कटिंगला आधी कापडाचा पन्हा (रुंदी) बघतात, मग मार्कर (कापायच्या तुकड्यांची आखणी) घालतात. मार्कर आधी आणि कापड नंतर, असं केलं तर कापड वाया जातं. तसंच आपल्या वाचनालयात काय आहे आणि आपल्या गावाचं वर्ष कसं जातं, ते बघून विषय ठरवू. अक्कांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि तासाभरात बारा विषय झाले. नियम एकच: विषय सगळ्यांचा एक, पुस्तक प्रत्येकीचं वेगळं. यामागे मोठा विचार नव्हता, वाचनालयात बहुतेक पुस्तकांची एकच प्रत असते म्हणून. पण वर्षभरात सगळ्यात जास्त फायदा याच नियमाचा झाला. पाचही जणींनी एकच पुस्तक वाचलं असतं तर महिनाअखेरीला 'आवडलं, नाही आवडलं' यापुढे गेलो नसतो. वेगळं वाचल्यामुळे प्रत्येकीकडे बाकीच्यांना न माहीत असलेलं काही असायचं. शेवटच्या रविवारी जमायचं, एकेकीने सांगायचं आणि एक पान मोठ्याने वाचायचं. मग पुस्तकांची अदलाबदल.

पैशाचं आधी सांगते. कार्डामागे ५०० रुपये अनामत, ती परत मिळते. वर्गणी महिना ५० रुपये, एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवस. म्हणजे वर्षाला एकीचे ६००. तेवढ्यात दुकानात दोन बऱ्यापैकी पुस्तकं येतात. मी वर्षभरात छत्तीस वाचली. उशीर झाला तर दिवसाला एक रुपया दंड, माझा एकूण एकोणीस रुपये झाला.

जानेवारीचा विषय सोलापूर. १२ जानेवारीला चार हुतात्मा चौकात हार घातले जातात, ते आम्ही लहानपणापासून बघतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३१ साली याच तारखेला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. नावं पाठ होती, पण मे १९३० मध्ये गावात लष्करी कायदा कसा लागला, त्याआधी रस्त्यावर काय झालं, हे पाचपैकी चौघींना नीट सांगता येत नव्हतं. यावरची पुस्तकं संदर्भ विभागात होती, घरी देत नाहीत. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या) गर्दीतून वाट काढत चार दिवस तिथे जाऊन बसले. टेबलं स्वच्छ, उजेड भरपूर. मी मागितलं नव्हतं तरी संदर्भाच्या बाईंनी जुन्या अंकांचा एक गठ्ठा काढून दिला. त्यांच्या कामाला माझे पूर्ण गुण.

मार्चचा विषय होता बायकांनी लिहिलेलं. वन्संनी 'स्मृतिचित्रे' घेतलं, ते त्यांना कधीपासून वाचायचं होतं. माझ्या मैत्रिणीला काय घ्यावं कळेना. ती कुंभारीला राहते, गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांनी मिळून केलेली घरं आहेत ती, हजारोंनी. तिची आई जन्मभर विड्या वळत आली. पत्ता लिहिताना, रिक्षावाल्याला सांगताना 'गोदूताई' हे नाव ती रोज घेते. मी तिला चरित्राच्या कपाटाकडे नेलं, तर खालच्या फळीवर 'जेव्हा माणूस जागा होतो' दिसलं. लेखिका गोदावरी परुळेकर. ती पुस्तक हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, "ह्या त्याच का गं?" मी म्हटलं, त्याच. या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारली लोकांची वेठबिगार, सावकारी, आणि १९४५ पासून ते कसे उठले, ते आत आहे. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०११ चा होता. चौदा वर्षं ते पुस्तक त्या फळीवर होतं आणि बाईंच्या नावाच्या वसाहतीतली बाई सात-आठ किलोमीटरवर राहत होती.

तिने ते रात्री आईला वाचून दाखवलं, रोज चार-पाच पानं. आई ऐकताना मध्येच थांबवून विचारायची, "मग सुटले का ते?" मार्चमध्ये पुरं झालं नाही, दोनदा मुदत वाढवून एप्रिलच्या शेवटी झालं. आम्ही तिचा एप्रिल माफ केला.

काउंटरच्या वर त्या वाचनालयात एक पाटी आहे. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतली दोन त्यावर लिहिलीत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मला इथे वाचनालयाची मोठी उणीव सांगायची आहे, आणि ती मनापासून सांगतेय. यातलं दुसरं सूत्र पाटीवरच राहतं. पुस्तकं कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास अशी लावलेली आहेत आणि आत दाखल क्रमांकाने. सोलापूर जिल्ह्यातले लेखक, कन्नडमधून आलेलं, बायकांची आत्मकथनं, असं कुठेच शोधता येत नाही. संगणकावर यादी आहे, पण ती फक्त लेखक आणि शीर्षकावर चालते. त्यातही ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शून्य. 'चितमपल्ली' (रानावर, पाखरांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली) मी अचूक टाइप केलं तर दोन पुस्तकं दाखवली, कपाटात प्रत्यक्ष सात होती. कुणीतरी नाव वेगवेगळं चढवलेलं. महिन्याला एक विषय घेऊन दाराशी पन्नास पुस्तकं मांडली तरी केवढा फरक पडेल. मी तसं लेखी दिलं आहे. अजून उत्तर नाही.

एप्रिलमध्ये जिल्ह्यातले लेखक. मी 'अक्करमाशी' वाचलं. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, पुस्तक १९८४ चं. त्यातली भूक वाचून दोन दिवस ताटात काही टाकवलं नाही. मे मध्ये बालसाहित्य ठेवलं होतं, सुट्टीला नातवंडं, भाचरं येतात म्हणून. पण बालविभाग कुलूपबंद, किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे आणि ते रजेवर. भर उन्हाचे दोन हेलपाटे झाले. त्या महिन्याला वाचनालयाला गुण नाहीत.

रानाचा आणि पाखरांचा विषय आम्ही नोव्हेंबरात ठेवला होता. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, आणि त्यामधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली सोलापुरात जन्मले, वनखात्यातल्या नोकरीची बरीच वर्षं आणि निवृत्तीनंतरची वर्षं विदर्भात काढून पुन्हा सोलापुरात राहायला आले. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. मी तेव्हा मांडवात लांब मागे बसले होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही म्हटलं, नोव्हेंबरात सगळं वाचून झालं की भेटायला जाऊ, पाचही जणी.

१८ जूनला ते गेले.

दुसऱ्या दिवशी कामावरून थेट वाचनालयात गेले. काउंटरवरचे भाऊ मला बघूनच म्हणाले, "एकबी राहिलं न्हाई बघा ताई, सकाळीच गेले सगळे." सातही पुस्तकं बाहेर. मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. गावाने आपला माणूस वाचायला घेतला होता. पण नाव नोंदवून ठेवायची सोय या वाचनालयात नाही. परत आलेलं पुस्तक जो समोर असेल त्याला मिळतं. शिफ्ट साडेसहाला सुटते, वाचनालय साडेसातला बंद, मधल्या वेळात बस. असे कितीतरी दिवस गेले. 'चकवाचांदण' माझ्या हातात ऑगस्टमध्ये आलं, ते मी ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरसाठी न ठेवता तिथेच बाकावर वाचायला सुरू केलं. नोव्हेंबरात आम्ही भेटायला जाणार होतो त्या रविवारी नान्नजच्या माळरानावर गेलो. माळढोक दिसला नाही. काळवीट दिसले. गवतात बसून वरच्या मजल्यावरच्या मुलीने एक प्रकरण वाचलं.

जुलैत वारी. आषाढी ६ तारखेला होती, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पुस्तकं भरपूर मिळाली.

ऑगस्ट मात्र अक्कांचा महिना. विषय कन्नडमधून मराठीत आलेलं. उमा कुलकर्णींनी भैरप्पा आणि शिवराम कारंत मराठीत आणले, त्यांचे अनुवाद या वाचनालयात चांगले आहेत, आणि फाटकी पानं चिकटवून जपलेत. अक्कांनी मूळ कन्नड घरून आणलं, मी मराठी. अक्का एक परिच्छेद वाचायच्या, मी तोच मराठीतून. सोलापुरात जन्म काढून मी कन्नड कानाने ओळखते, अर्थ निम्मा कळतो. मराठी वाचताना बाकीचा निम्मा भरून यायचा. मग अक्कांनी सिद्धरामेश्वरांची वचनं (कन्नडमधल्या छोट्या भक्तिरचना) म्हटली. ज्यांच्या तळ्याकाठी आम्ही लहानाच्या मोठ्या झालो, ते आमचे ग्रामदैवत बाराव्या शतकातले वचनकार होते, हे ऐकून माहीत होतं. पण शेवटी दर वेळी येणारी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुना' ही मुद्रा मी पहिल्यांदा अक्कांच्या तोंडून लक्ष देऊन ऐकली. मुलगी म्हणाली, "काकू, आपण वाचन वाचन म्हणतो आणि ह्यांचं वचन आहे." त्या रविवारी शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर रात्रीचे दहा वाजले.

ऑक्टोबरात दिवाळी अंक. त्याची वेगळी वर्गणी भरावी लागते, ती जरूर भरा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही रीत अजून चालू आहे आणि एवढे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही.

अजून दोन तक्रारी. बायंडिंग करताना पानं इतकी आत शिवतात की उजवीकडच्या पानावरच्या ओळींची पहिली अक्षरं जातात, पुस्तक पूर्ण उघडत नाही. शिलाईतलं मला कळतं, आत थोडी माया सोडली तर हे टळेल. आणि रविवारी संध्याकाळी बंद ठेवतात. कामगार वस्तीच्या गावात नोकरी करणाऱ्या बायकांना तोच एक वेळ असतो.

एवढं असूनही आम्ही पाचही कार्डं २०२६ साठी चालू ठेवली. तुम्हाला एकटीने नवीन, गाजणारी पुस्तकं हवी असतील तर हे वाचनालय निराश करेल, नवी खरेदी कमी आणि उशिरा होते. चार-पाच जणींनी विषय ठरवून, जुनी कपाटं उपसायची तयारी असेल तर घ्या. विषय ठरवायच्या आधी एक सकाळ नुसतं कपाटांमधून फिरा. फॉर्मला दोन फोटो आणि आधारची प्रत लागते. सोमवारी सुट्टी.

डिसेंबरचा आमचा विषय होता अर्धवट राहिलेलं. मी परवा गोदूताईंचं पुस्तक घेतलं, मार्चपासून आमच्यात फिरत होतं, माझंच राहिलं होतं. मागच्या चिठ्ठीवर २०११ च्या खाली आता सहा शिक्के आहेत. तीन माझ्या मैत्रिणीचे, मूळ आणि दोन मुदतवाढीचे. मग वन्संचा, मग माझा. मधला एक सप्टेंबरचा आहे, तो आमच्यापैकी कुणाचाच नाही.