बाखचा बी मायनर मास: पाच ध्वनिमुद्रणांतून पहिलं कुठलं घ्यावं?

बी मायनर मास ही बाखची ख्रिस्ती उपासनेच्या शब्दांवरची मोठी रचना; खाली अवतरणचिन्हांत दिलेली नावं तिच्या भागांची आहेत. निवड करताना आधी एकच गोष्ट ठरवावी: समूहगानातली एकेक ओळ (सोप्रानो म्हणजे स्त्रियांचा उंच आवाज, टेनर म्हणजे पुरुषांचा उंच आवाज, अशी) किती कंठांतून आलेली तुम्हाला आवडते? लय आणि आवाजाचा भरणा बराचसा त्यावरच ठरतो.

एका टोकाला संगीत-संचालक ऑटो क्लेम्परर, १९६७. न्यू फिलहार्मोनिया वाद्यवृंद, बीबीसी कोरस, आधुनिक वाद्यं, आणि सगळं मिळून सव्वादोन तासांच्या आसपास. पहिला 'कीरिए' इतका विलंबित आहे की द्रुत बाख ऐकायची सवय असलेल्याचा धीर सुटतो. पण लाकडी सुषिर वाद्यं समूहाखाली दबत नाहीत, आणि गायिका जॅनेट बेकरचा 'आग्नुस देई' ऐकण्यासाठी ही आवृत्ती केव्हातरी घ्यावीच. पहिली म्हणून नको.

कार्ल रिश्टरची १९६१ची म्यूनिखची आवृत्तीही आधुनिक वाद्यांची आणि मोठ्या कोरसची, तरी तिचा ठेका जास्त ताठ आणि ताण कायम राहतो. एकल गायकांत डीट्रिश फिशर-डीस्काउ आहेत. अडचण येते ती 'कुम सांक्तो स्पिरितू'मध्ये: सोप्रानोच्या ताना स्पष्ट पोचतात, मधल्या ओळी मात्र एकमेकींत मिसळतात. पाच ओळींच्या फ्यूगमध्ये (एकच धून एकेक ओळीने मागोमाग उचलायची रचना) ही उणीव लहान नाही.

दुसरं टोक जोशुआ रिफ्किनचं. बाखच्या हयातीतल्या, सुट्या लिहिलेल्या भागांचा अभ्यास करून एका ओळीला एकच गायक असे, असं मत त्यांनी १९८१मध्ये मांडलं आणि १९८१-८२मध्ये तसंच ध्वनिमुद्रण केलं. इथे एकल गायक आणि कोरस वेगळे नाहीत. 'कोन्फितेओर'मध्ये साथीला फक्त कंटिन्यूओ, म्हणजे खर्जाची आधारसाथ असते. तिथे टेनरने लांबवलेली जुनी चर्चधून शोधावी लागत नाही, आपोआप ऐकू येते. उलट 'ग्रात्सियास'मध्ये तुताऱ्या आणि टिंपनी (नगारे) आल्या की गळे तोकडे पडतात. तेच संगीत शेवटी 'दोना नोबिस पाचेम'ला परत येतं, त्यामुळे समारोपही बेताचाच वाटतो. रचना समजून घ्यायला याहून चांगली आवृत्ती नाही, भारावून जायला आहेत.

खरी चुरस मधल्या दोघांत. जॉन एलियट गार्डिनर (१९८५) आणि फिलिप हेरेवेघे (१९९६), दोघांकडे छोटा कोरस आणि बाखच्या काळातल्या पद्धतीची वाद्यं आहेत. गार्डिनरनी एकल गायक कोरसमधूनच उभे केले; शब्दोच्चार धारदार, द्रुत भाग झळाळते. 'कुम सांक्तो' हवा तर इथेच. शांत जागी मात्र कधीकधी पुढे ढकलल्यासारखं होतं. हेरेवेघेंची स्वरवाक्यं लांब, श्वास मोठा. गायक आंद्रेआस शोलचा 'आग्नुस देई' हा पाचांतला माझ्या मते सर्वांत स्थिर. तुताऱ्या जरा मागे ठेवल्यामुळे 'ग्लोरिया'ची सुरुवात थोडी सौम्य लागते. एकच घ्यायची असेल तर हेरेवेघे. सौम्यपणा खटकणाऱ्याने गार्डिनर घ्यावी.

ऐकून ठरवायचं असेल तर पूर्ण मास लावू नका. 'क्रुचिफिक्सुस' ते 'एत रेसुरेक्सित' एवढं पुरे. 'क्रुचिफिक्सुस'मध्ये चार तालखंडांचा उतरता खर्ज तेरा वेळा येतो. शेवटच्या वेळी वरची वाद्यं थांबतात, आवाज हळू होत जी मेजर या पट्टीत उतरतो आणि पाठोपाठ 'एत रेसुरेक्सित'च्या तुताऱ्या कडाडतात. फोनच्या स्पीकरवर हा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, मग उरलेलं अधांतरी वाटतं, हेडफोन लावा. ॲपमध्ये आवाज समान करणारी सोय बंद ठेवा आणि दोन ट्रॅकमधलं अंतर शून्य करा. नाहीतर 'क्वोनियम'मधून थेट 'कुम सांक्तो'त जाणारी उडी मधेच तुटते आणि दोष गार्डिनरच्या माथी जातो.

पट्टीही लक्षात असू द्या. जुन्या वाद्यांच्या आवृत्त्या बहुधा 'ए' हा स्वर ४१५ हर्ट्झ धरून, म्हणजे आजच्या ४४०पेक्षा अर्ध्या स्वराने खाली लावलेल्या असतात. रिश्टरनंतर लगेच हेरेवेघे लावलं तर ते मंद, मलूल भासतं. मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या.

शोधताना वर्ष तपासा. हेरेवेघेंच्या १९८८ आणि २०११च्याही आवृत्त्या आहेत, गार्डिनरची २०१५ची आहे, आणि रिश्टरचं १९६९चं चित्रीकरणही मिळतं. यादीत आंद्रेआस शोल दिसला की हेरेवेघेंची १९९६ची हाती आली असं समजा.