बॅरन बेटावरचा मुक्काम आम्हाला 71,700 रुपयांना पडला

अंदमानच्या बनावट टूर पॅकेजात आमचे किती बुडाले, तो आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटून जाईल. सहा मित्र, माणशी 17,500, एकूण 1,05,000 रुपये. त्यातले निम्मे, म्हणजे 52,500, आगाऊ दिले. आठवड्याने 'ज्वालामुखी परमिट'चे माणशी 3,200, म्हणजे 19,200 दिले. सगळे पैसे एकाच यूपीआय आयडीवर गेले आणि तो कंपनीच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर होता. इन्स्टावरचं पान, गोड बोलणारा कोऑर्डिनेटर, 'दोनच सीट उरल्यात' हा प्रकार तुम्हाला नवा नाही. आम्हालाही नव्हता.

पॅकेज अंदमानचं, विमानभाडं सोडून. बाराटांगची चुनखडीची गुहा, तिथलाच चिखलाचा ज्वालामुखी आणि वर 'बॅरन बेटाच्या बेस कॅम्पला एक रात्र'. बॅरन हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून 1991 मध्ये तो पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतोच आहे. बेटावर वस्ती नाही आणि पर्यटकांना उतरूही देत नाहीत. फार तर बोटीतून लांबून बघायचा. मग बेस कॅम्प कुठला? पण परमिटवर अशोकस्तंभ होता, गोल शिक्का होता, क्यूआर कोड होता, सहाही नावं आधारवरच्या स्पेलिंगसकट होती. असणारच, आधारच्या प्रती आम्हीच पाठवल्या होत्या. (द्यायचंच असेल तर मास्क केलेलं आधार द्या. पहिले आठ आकडे झाकलेलं.)

बॅरनचं एक वेळ सोडा, तिथं कोण जाऊन आलंय! खरी चीड येते ती दुसऱ्या दिवसाच्या वेळापत्रकाची. त्यात लिहिलं होतं: 'सकाळी 11 ला पोर्ट ब्लेअरहून प्रस्थान, गुहा आणि ज्वालामुखी, रात्री 8 ला हॉटेलवर जेवण.' आता हे गणित करा. बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथं मनात येईल तेव्हा गाडी घालता येत नाही. जिरकाटांगच्या चौकीवरून ठरलेल्या वेळांनाच पोलिसांसोबत गाड्यांचा ताफा सुटतो, पहिला सकाळी 6 ला. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. पुढे मिडल स्ट्रेटला गाड्या वाहणारी फेरी, पलीकडे निलांबूर जेटी, तिथून खारफुटीतून स्पीडबोट, मग गुहेपर्यंत पायवाट. परतीचा शेवटचा ताफा दुपारी अडीच-तीनच्या सुमारास निघतो. म्हणून तिथं खरोखर जाणारी माणसं पहाटे साडेतीन-चारला निघतात आणि साडेपाचच्या आत चौकीच्या रांगेत लागतात. 11 ला निघालेला माणूस जिरकाटांगला पोचेपर्यंत साडेबारा वाजतात आणि 12 चा ताफा गेलेला असतो. त्यानंतरचा पकडला, तर त्या दिवशी परत येणं अशक्य. हे वेळापत्रक लिहिणारा बाराटांगला कधी गेलेलाच नव्हता. हा कागद सहा जणांच्या फोनमध्ये अकरा दिवस पडून होता. सह्याद्रीत शेवटच्या एसटीवरून ट्रेकचा हिशोब मांडणारी सहा माणसं, आणि एकानंही उलटी बेरीज केली नाही. स्वस्त आहे ना, मग थोडं इकडेतिकडे होणारच, असं आम्हीच एकमेकांना समजावलं.

तिसऱ्यांदा 'बोट कन्फर्मेशन'चे 15,000 मागितले, तेव्हा हॉटेलला फोन केला. कोऑर्डिनेटरनं दिलेल्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या. आमच्या नावावर एकही खोली नव्हती. हा फोन फुकट होता आणि पहिल्या दिवशीच करता आला असता.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, आम्ही रात्रभर 'रिफंड करतो सर' वाचत बसलो. तेवढ्यात पैसा तीन खाती पुढे सरकला. तक्रारीत प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, लागतो, नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'शिकलेली माणसं ना तुम्ही?' दुसरं वाक्य: 'अंदमानचं आहे, तिकडं करा.' पैसे गेले इथून, खातं तिसऱ्याच राज्यातलं, आणि तक्रार करायची समुद्रापलीकडे! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे सांगितलं तर साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी अर्जावर पोच दिली आणि गुन्हा 'चौकशीनंतर बघू'. पोच म्हणजे एफआयआर नव्हे, फसू नका. बँकेचं उत्तर एका ओळीचं: पिन तुम्हीच टाकलात. बरोबर आहे. पण चार वेळा विचारूनही ते खातं गोठवलं की नाही, एवढं कुणी सांगेना.

शेवटी 6,140 रुपये होल्ड झाल्याचा मेसेज आला. सहा जणांत माणशी हजाराच्या आसपास. आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

दरम्यान तेच फोटो घेऊन नवं पान आलंय. यावेळी मेघालय, 12,999 रुपये, मॉसमाई गुहेत 'पाच तासांचं थरारक केव्हिंग'. त्या गुहेत दिवे लावलेत. आजीआजोबासुद्धा अर्ध्या तासाच्या आत बाहेर येऊन चहा पीत बसतात.